घर, कुंपण आणि शिक्षण : पंडिता रमाबाई यांच्या घरगुती शिक्षणाचा पुनर्विचार

प्रस्तावना

शाळेत न जाता घरी शिकणे ही भंडारा जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. आंधळगाव-मोहाडीकडील कोष्ट्याच्या घरात मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वी कोशाच्या धाग्याची ओळख होत असे. भंडारा शहरातील पितळी भांड्यांच्या कारागिरांची विद्या बापाकडून मुलाकडे ठोक्याठोक्याने गेली. वैनगंगेकाठच्या ढिवराच्या मुलाला जाळे विणणे आणि टाकणे कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांमागे असलेले उताराचे, बांधाचे व पाण्याच्या वाटपाचे ज्ञानही पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आले. या शिक्षणाला कोणी शिक्षण म्हटले नाही, हा भाग वेगळा.

अलीकडच्या काळात ‘घरगुती शिक्षण’ हा शब्द मात्र निराळ्या अर्थाने वापरला जातो. शाळा उपलब्ध असूनही मुलांना तेथे न पाठविता घरीच शिकविणारी काही सुशिक्षित कुटुंबे महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आढळतात. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हा कायदा शाळेभोवती उभा असून घरी शिकणाऱ्या मुलाचा स्वतंत्र विचार त्यात केलेला नाही. अशा कुटुंबांविषयी चर्चा निघाली की एक आक्षेप हमखास घेतला जातो : घरी शिकलेले मूल जगापासून जपले जाते, आणि जपलेले मूल पुढे जगात टिकत नाही. त्यावर, वाईट शाळेपासून मुलाला जपणे हेच पालकाचे कर्तव्य होय, असे उत्तर दिले जाते. दोन्ही बाजूंकडे अनुभवापेक्षा अनुमानच अधिक असते.

अनुभवाचा आधार हवा असेल तर एकोणिसाव्या शतकातील डोंगरे कुटुंबाकडे वळावे लागते. या कुटुंबातील धाकटी मुलगी पुढे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) म्हणून प्रसिद्धीस आली. त्या कधीही शाळेत गेल्या नव्हत्या. शिवाय घरी मिळालेल्या शिक्षणाचे मोल आणि त्याची किंमत, दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक, त्याला डॉ. रेचेल बॉडली यांनी लिहिलेली प्रस्तावना आणि १९०७ मधील रमाबाईंचे इंग्रजी आत्मनिवेदन ही या संदर्भातील प्रमुख साधने होत. त्यांचा उपयोग आजवर मुख्यतः रमाबाईंच्या धर्मांतराच्या चर्चेसाठी झाला. शिक्षणाच्या अंगाने त्यांचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गंगामूळ : शिक्षणासाठी एकांत

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. तिचे संस्कृत पठण अनंतशास्त्र्यांच्या कानी पडले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांच्या विरोधापुढे पहिल्या पत्नीच्या बाबतीत हे साधले नाही. तिच्या निधनानंतर, चव्वेचाळीस वर्षांचे असताना, तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांची एका यात्रेकरूशी गाठ पडली आणि त्याच्या सुमारे नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ही मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई. आजच्या वाचकाला हा प्रसंग खटकतो आणि तो खटकावाच. रमाबाईंनीही आपल्या पुस्तकात हा विवाह घाईने उरकलेल्या बालविवाहाचे उदाहरण म्हणूनच दिला आहे. तथापि पुढे जे घडले ते त्या काळी असामान्य होते. अनंतशास्त्र्यांनी या मुलीला संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला. त्यावरून गहजब झाला, धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, आणि स्त्रियांनी पुराणे व काव्ये शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही हे त्यांनी ग्रंथाधारांनी मांडले.

वाद जिंकला तरी शेजार जिंकता येत नाही. अनंतशास्त्री पत्नीला घेऊन पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात राहावयास गेले. बॉडली यांच्या प्रस्तावनेतील वर्णनानुसार पहिली रात्र उघड्यावर काढावी लागली. वाघाची डरकाळी ऐकून ती लहान मुलगी पासोडीत गुरफटून पडून राहिली आणि पती रात्रभर पहारा करीत बसले. पुढे तेथे घर झाले, विद्यार्थी आले, गुरेढोरे आली आणि मुले झाली. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म याच ठिकाणी झाला.

येथे एका गोष्टीची नोंद घेणे आवश्यक आहे. डोंगरे कुटुंबाचा एकांत हा त्यांच्या शिक्षणाचा दोष म्हणून सांगितला जातो. परंतु तो एकांत नसता तर हे शिक्षणच झाले नसते. ज्या समाजात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या स्त्रीला वैधव्य येते असे मानले जाई, तेथे एका स्त्रीला शिकविण्यासाठी तिला त्या समाजाच्या नजरेआड नेणे हाच अनंतशास्त्र्यांना दिसलेला मार्ग होता. दुसरा मार्ग होता आणि तो त्याच सुमारास पुण्यात चोखाळला जात होता. जोतीराव फुले यांनीही सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकविले. परंतु त्यांनी घराचे कुंपण वाढविले नाही. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली, आणि शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल पडला. दोन्ही घरांचा आरंभबिंदू एकच. एकाने पत्नीला त्या चिखलापासून वाचविले. दुसऱ्याने वाचविले नाही, आणि त्यातून इतरांच्या मुलींसाठी दार उघडले. अनंतशास्त्र्यांना भित्रे ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. वाघाच्या अरण्यात जाऊन राहणाऱ्या माणसाला भित्रा म्हणता येत नाही. शाळा काढावी हे त्यांच्या कल्पनेतच नव्हते, एवढेच.

फिरती शाळा

रमाबाईंना गंगामूळ आठवणे शक्यच नव्हते. त्या सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने अरण्य सोडले आणि तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेण्यात आले. अनंतशास्त्र्यांची मिळकत संपली होती. पाहुणे, विद्यार्थी व दानधर्म यांनी ती संपविली. त्यानंतर हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत राहिले. देवळात, नदीच्या घाटावर किंवा झाडाखाली बसून पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी फुले, फळे, धान्य, क्वचित नाणे ठेवावे, असा त्यांचा चरितार्थ होता.

या भटकंतीतच शाळा भरे. वडील वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी गेली होती. म्हणून रमाबाईंचे शिक्षण आईने हाती घेतले. वयाच्या सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईने शिकविले, असे रमाबाई सांगतात. व्याकरण, अमरकोश, भागवत आणि काव्ये हा अभ्यासक्रम होता, पद्धती पाठांतराची. परंतु पाठांतर म्हटले की आज जे चित्र डोळ्यांसमोर येते तेवढ्यावर हे शिक्षण थांबले नाही. पुढे कोणाच्या विशेष मदतीशिवाय स्वतःच स्वतःचे शिक्षण चालविता येईल, इतकी बुद्धीची तयारी आईने करून घेतली, अशी कृतज्ञतेची नोंद रमाबाईंनी केली आहे. महाविद्यालयात शिकविणाऱ्या कोणासही हे वाक्य वाचून थोडा मत्सर वाटावा.

आईवडिलांनी आणखी एका बाबतीत या मुलीला जपले. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचा विवाह लहानपणीच झाला होता. जावयाने सासरी राहून शिकावे असे ठरले होते. तो शिकला नाही, निघून गेला आणि नंतर पत्नीवर हक्क सांगण्यासाठी न्यायालयात गेला. या अनुभवानंतर धाकटीचे लग्न करण्याची घाई डोंगरे दांपत्याने केली नाही. सोळा वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी हे दृश्य त्या काळी जवळजवळ अशक्य होते. फिरत्या कुटुंबाला गाव नव्हते, म्हणून गावाचे बोलणेही नव्हते. घरगुती शिक्षणातील ‘जपणे’ याचा एक अर्थ असाही होतो.

दुसरा अर्थ तितकाच स्पष्ट आहे. आईवडिलांना आपली मुले बाहेरच्या जगाच्या संपर्कात यावयास नको होती, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. संस्कृतखेरीज अन्य भाषा शिकण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी शिकणे आणि म्लेंच्छांच्या संसर्गात येणे म्हणजे जात व परलोक दोन्ही गमावणे होय, अशी शिकवण होती. लौकिक विद्या मनाला ऐहिकाकडे ओढते म्हणून ती वर्ज्य आणि जगाच्या रीतीने पोट भरणेही वर्ज्य, कारण त्यातून कुसंगती घडते. इतकेच नव्हे, तर स्त्रीशिक्षणासाठी धर्मसभेपुढे उभे राहिलेल्या या वडिलांनी वेद मात्र पत्नीला किंवा मुलीला शिकविले नाहीत. तेथे त्यांचे शास्त्र थांबले. सुधारकाच्या घरालाही कुंपण असते आणि ते नेमके कोठे आहे हे घरातील मुलाला फार उशिरा कळते.

या कुंपणाला फटीही होत्या. मराठीचे व्याकरण रमाबाईंना कोणी शिकविले नाही. आईवडिलांचे बोलणे ऐकून आणि हाती येतील ती वृत्तपत्रे व पुस्तके वाचून त्या मराठी शिकल्या. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा प्रवासात कानावर पडून आल्या. वर्ज्य ठरविलेल्या भाषा रस्त्याने शिकविल्या. मूल किती जपले गेले हे पालकाच्या हेतूवरून ठरविता येत नाही, हे यावरून दिसते.

दुष्काळाची परीक्षा

या शिक्षणाची परीक्षा विद्वानांच्या सभेत होण्यापूर्वी दुष्काळाने घेतली. १८७४ च्या सुमारास हे कुटुंब मद्रास इलाख्यात होते. टंचाई वाढली तसे पुराण ऐकणारे कमी झाले आणि ठेवले जाणारे धान्यही थांबले. साठविलेले पैसे व्रतवैकल्ये, दाने आणि तीर्थविधी यांत गेले. दैवी कृपेने पुन्हा सुस्थिती येईल या श्रद्धेने ते खर्चिले गेले. मग भांडी गेली, वस्त्रे गेली.

या टप्प्यावरील रमाबाईंचे लेखन वाचताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नाही, पण हिशेब चोख आहे. पवित्र वाङ्मयाखेरीज कशाचेही ज्ञान नसल्यामुळे पोट भरण्याचे कोणतेही काम आपणास येत नव्हते; कष्टाचे काम करता येईना आणि भीकही मागता येईना, असे त्या सांगतात. काम न येणे हा शिक्षणाचा परिणाम होता. काम येत असते तरी करावयाचे नाही, हा जातीचा अभिमान होता. घरच्या शिक्षणात हे दोन्ही एकत्रच शिकविले गेले होते. अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेली मुले तिरुपतीजवळच्या रानात झाडपाला आणि रानफळे खाऊन दिवस काढीत होती. वृद्ध वडिलांनी पवित्र जलात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला : मी अभिमान सोडतो आणि मिळेल ते हलके काम करतो, असे त्याने सांगितले आणि वडिलांनी निश्चय सोडला. डोंगरे घराण्याच्या शिक्षणक्रमात जो विषय नव्हता त्याचा पहिला धडा असा रानात झाला. या प्रसंगाकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्यांचे डोळे कोलकात्याच्या सभेकडे लागलेले असतात.

त्यानंतर काही दिवसांतच वडील वारले, सुमारे दीड महिन्याने रायचूर येथे आई गेली. आईच्या अंत्ययात्रेस खांदा द्यावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण तयार झाले. उरलेली बाजू भावंडांनी धरली आणि उंची कमी असल्यामुळे रमाबाईंना आपला भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे कृष्णाबाईही पटकीने गेली. राहिलेली दोघे भावंडे देशभर पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री निवारा नव्हता, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यांत ती निजली आणि कोरडी वाळूच अंगावर ओढून घेतली.

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना मिळाल्या. हा इतिहास सर्वपरिचित आहे. कमी परिचित आहे तो केशवचंद्र सेन यांच्या भेटीचा प्रसंग. वेद वाचले आहेत काय, असे त्यांनी विचारले. स्त्रियांना तो अधिकार नाही, असे उत्तर रमाबाईंनी दिले. सेन यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. वीस वर्षे ज्या भिंतीला त्यांनी भिंत म्हणून पाहिलेच नव्हते ती त्या दिवशी दिसली. भिंतीपलीकडचे वाचण्यासाठी लागणारी भाषा, व्याकरण आणि धैर्य मात्र भिंतीच्या आतच मिळाले होते. घरगुती शिक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या दोघांनाही हे उदाहरण पुरते सोयीचे नाही.

जपलेली मुले आणि वगळलेली मुले

ही चर्चा आणखी पुढे नेण्यापूर्वी एक भेद करावा लागतो. मुलाला शाळेपासून दूर ठेवणे आणि शाळेने मुलाला दूर ठेवणे, या दोहोंचा विचार एकत्र करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि घरी मुलांचा अभ्यास कसोशीने करून घेत. परंतु मुलाला साताऱ्याच्या शाळेपासून जपावे असे त्यांनी मानले नाही. तेथे त्याला वेगळे बसविले जाई, पाण्याला हात लावू दिला जात नसे. तरीही त्यांनी त्याला शाळेत पाठविले. ज्यांच्यापाशी पिढीजात ग्रंथविद्या होती त्यांना घर हा पर्याय होता. ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांना शाळेचा अपमान सोसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. भंडारा जिल्ह्यातील जुन्या पिढीला १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक आठवत असे. तीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि पराभूत झाले. त्यांच्या ‘शिका’ या शब्दाचा अर्थ ज्या वस्त्यांनी घेतला, तेथे घरी बसून शिकणे ही कल्पनाही चैनीची होती.

पालकाच्या भूमिकेत

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचेही निधन झाले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात त्यावरून वादळ उठले. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, हे येथे नमूद केले पाहिजे.

मनोरमेच्या वाढीविषयी रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो पालकाच्या अधिकाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मुलीला कोणती धर्मतत्त्वे केव्हा शिकवावीत हे मठ ठरविणार नाही, आई ठरवील, असा रमाबाईंचा आग्रह होता. समजण्यापूर्वी मान्य करावयास लावलेली श्रद्धा त्यांना नको होती. आपल्या आईवडिलांनी ठरविलेल्या चौकटीतून बाहेर पडलेल्या स्त्रीने आपल्या मुलीसाठी चौकट ठरविण्याचा हक्क मागावा, यात वरकरणी विसंगती दिसते. परंतु त्या चौकट मागत होत्या ती दुसऱ्यांच्या चौकटीपासून वाचविण्यासाठी. प्रत्यक्षात मनोरमेचे बालपण आईच्या सान्निध्यापेक्षा इंग्लंड-अमेरिकेतील शाळा आणि संस्था यांत अधिक गेले. रमाबाईंना त्यांच्या आईने पहाटे शिकविले तसे मनोरमेला शिकविणे त्यांना जमले नाही. सार्वजनिक कार्य करणाऱ्या आईची ही किंमत होती.

अमेरिकेत रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. सदनात धार्मिक तटस्थता पाळण्याचे ठरले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि इच्छा असेल ती मुलगी येऊन बसे. याच उघड्या दारावरून १८९३ मध्ये संघर्ष झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाकडे बहुधा धर्मांतराचा वाद म्हणून पाहिले जाते. पालकत्वाच्या दृष्टीने पाहता तो वेगळा दिसतो. आपल्या मुलींना परक्या प्रभावापासून जपण्याचा अधिकार पालक मागत होते, आणि तो अधिकार वाँटेजला रमाबाईंनी स्वतः मागितला होता. दार लावून घेतले असते तर सदन टिकले असते. ज्या घरात दारे लावली जात त्या घरात वाढलेल्या स्त्रीला ते मान्य झाले नाही. मात्र त्या दाराआड जाऊन बसणाऱ्या बालविधवांपैकी कित्येक अजाण वयाच्या होत्या, हा पालकांचा मुद्दाही निराधार नव्हता. दोन्ही बाजूंना खरे म्हणता येईल असे काही होते. म्हणूनच हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मध्य प्रांतातील दुष्काळ आणि मुक्ती

१८९६ मध्ये मध्य प्रांतात पाऊस लवकर थांबला. भंडारा हा त्या वेळी मध्य प्रांताच्या नागपूर विभागातील जिल्हा होता आणि धान हे त्याचे मुख्य पीक. हलके धान कसेबसे हाती लागते. परंतु उशिरा निसवणाऱ्या भारी धानाला शेवटच्या पाण्याची गरज असते. ते मिळाले नाही तर बोड्या आणि तलाव यांवरच भिस्त राहते, आणि पाऊसच अपुरा झाला तर तेही भरत नाहीत. आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माजी मालगुजारी तलावांनी या भागाला अनेक वर्षे तारले; दुष्काळ पुरता टाळणे त्यांनाही शक्य नव्हते. १८९६-९७ पाठोपाठ १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला.

पहिल्या दुष्काळाच्या वार्ता ऐकून रमाबाई मध्य प्रांतात आल्या. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांच्या स्मरणात ताजी होती. निराधार-गृहांतील तरुण मुलींची अवस्था त्यांनी पाहिली, त्यांना फसवून नेणारी माणसेही पाहिली, आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना त्यांनी सोबत नेले. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांची व्यवस्था दौंडजवळच्या केडगाव येथील शेतजमिनीवर करण्यात आली. ‘मुक्ती’ या संस्थेचा आरंभ तो होय.

मुक्तीत अक्षरओळख होतीच; पण तिच्याबरोबर शेती, विणकाम, शिवण, गोठा, तेलघाणा आणि छापखाना होता. अंध मुलींसाठी ब्रेल होते. प्रत्येकीला वाचता यावे आणि प्रत्येकीच्या हाताला काम असावे, अशी ही रचना होती. पूर्ण ज्ञान, पण पोट भरण्यास निरुपयोगी, हा तिरुपतीच्या रानातील अनुभव या रचनेमागे नसेल असे मानणे कठीण आहे. याच प्रांतात, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली. तिच्यामागेही एका घरगुती शाळेचा अनुभव होता. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या मुलांना युरोपीयांच्या शाळेत सवलत म्हणून पाठविणे नाकारले आणि घरीच शिकविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यासाठी त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही. मुलांना त्याची खंत राहिली आणि हरिलाल १९११ मध्ये शिक्षणासाठी वडिलांना सोडून भारतात परतले. गांधीजींनी आत्मकथेत ही त्रुटी मान्य केली आहे. निर्णय मात्र चुकीचा मानलेला नाही.

मुक्तीलाही कुंपण होते. दुष्काळातून आणलेल्या मुलींना बाहेरच्या धोक्यांपासून जपणे आवश्यक होते, हे खरे. परंतु काळाच्या ओघात संस्थेचे जीवन अधिकाधिक धर्मकेंद्रित झाले. मनोरमेने शिक्षण संपवून संस्थेच्या शाळेची जबाबदारी घेतली. २४ जुलै १९२१ रोजी तिचे निधन झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे अखेरच्या वर्षांतील मोठे काम म्हणजे हिब्रू व ग्रीक मुळावरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. मुक्तीच्याच छापखान्यात ते छापले गेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहाटे आईकडून अमरकोश पाठ केलेल्या या स्त्रीने त्या भाषांतरातून संस्कृत शब्द शक्य तेवढे दूर ठेवले. नुकत्याच वाचू लागलेल्या खेड्यातील बाईला ते कळावे, हे त्याचे एक कारण. आणि त्या शब्दांबरोबर जुन्या धर्माच्या कल्पना आत येऊ नयेत, हे दुसरे.